पैसे पोचतात, मग निरोप का अडतो?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क गृहस्थ वारले. जनाज्याची वेळ रात्रीच ग्रुपवर पडली होती. सकाळी मय्यत उठली तेव्हा त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त खांदा द्यायला नव्हता. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा हा माणूस दुपारी बाजारात भेटला आणि मलाच विचारू लागला, "मला कुणी सांगितलं का नाही?" सांगितले होते. पण ज्या अ‍ॅपवर सांगितले, ते त्याने नातवाच्या सल्ल्याने काढून दुसरे घेतले होते. त्याच्याकडे फोन होता, इंटरनेट होते, नंबरही जुनाच होता. तरी निरोप पोचला नाही.

घरी हा विषय निघाला तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा माझा भाचा म्हणाला, "मामू, दो अलग अ‍ॅप आपस में बात नहीं कर सकते. टेक्निकली पॉसिबलच नहीं है." बसलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. शिकलेला मुलगा बोलतोय म्हणजे खरेच असणार.

मला या वाक्याविषयीच लिहायचे आहे, कारण ते खोटे आहे. माझा भाचा १९९९ चा. तो जन्मायच्या चौदा वर्षे आधी अमेरिकेतल्या हौशी लोकांनी आपल्या घरातल्या संगणकांवर हे करून दाखवले होते. तेही अशा यंत्रांवर, की आज लहान मुलाच्या खेळण्यात त्याहून दमदार चिप असते.

घरातला फळा

१९७८ सालच्या जानेवारीत शिकागोत प्रचंड हिमवादळ झाले. घरात अडकून पडलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी त्या दिवसांत एक प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि त्यांचे मित्र रँडी सूस यांनी त्यासाठी यंत्र जुळवले. कल्पना साधी होती. क्लबच्या भिंतीवर सूचनांचा फळा असतो, तसा फळा संगणकावर करायचा. ज्याच्याकडे मोडेम आहे त्याने फोन लावायचा, आधीच्या चिठ्ठ्या वाचायच्या, आपली लिहायची आणि फोन ठेवायचा. फेब्रुवारीत हा फळा सुरू झाला. त्याला बुलेटिन बोर्ड म्हणू लागले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत असे हजारो बोर्ड निघाले. कुणाच्या तळघरात, कुणाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. चालवणाऱ्याला सिसॉप म्हणत, म्हणजे सिस्टीम ऑपरेटर.

अडचण एकच होती. फोनची लाइन एक, म्हणून एका वेळी माणूस एक. चिठ्ठी ठेवता येत होती, गप्पा मारता येत नव्हत्या. एक येऊन गेल्याशिवाय दुसऱ्याला आत येता येत नव्हते.

१९८५ मध्ये बिल बॅशम या प्रोग्रॅमरने डायव्हर्सी-डायल नावाची प्रणाली आणली. अ‍ॅपल टू-ई हा घरगुती संगणक. त्याच्या पोटात जोडकार्डांसाठी जागा असत. त्यांत सात मोडेम बसवायचे आणि सात फोन लाइन जोडायच्या. आता सात माणसे एकाच वेळी आत येऊ शकत होती आणि एकाने लिहिलेली ओळ बाकीच्या सगळ्यांच्या पडद्यावर उमटत होती. वेग होता ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरे. ओळ पडद्यावर सरकत येताना डोळ्यांना दिसायची, तेवढी हळू.

मग कुणालातरी सुचले की सातपैकी एका मोडेमने माणसाची वाट बघत बसण्याऐवजी शेजारच्या गावातल्या बोर्डाला फोन लावला तर? तिकडच्या बोर्डाने तो फोन उचलायचा आणि आपल्याकडे जे बोलले जाईल ते या लाइनवर पाठवत राहायचे. इकडच्यानेही तसेच करायचे. झाले. दोन बोर्डांची मिळून एक मजलिस भरली.

जोडणीचा हिशेब

हा हिशेब वाचकांनी माझ्याबरोबर करावा, कारण सगळा मुद्दा त्यात आहे.

दोन बोर्ड सुटे असतील तर सात आणि सात, एकूण चौदा माणसे, पण दोन वेगळ्या खोल्यांत. जोडले की प्रत्येक बोर्डाची एक लाइन जोडणीत जाते. उरतात सहा आणि सहा. म्हणजे बाराच माणसे, पण सगळी एका खोलीत. तीन बोर्ड साखळीने जोडले तर कडेच्या दोघांची एकेक लाइन जाते आणि मधल्याच्या दोन जातात. सहा, पाच आणि सहा मिळून सतरा. यात सर्वांत जास्त कोण गमावतो? मधला, जो दोघांना जोडतो. या बोर्डांवर अनेक सिसॉप सभासदांकडून पैसे घेत. एक लाइन कमी म्हणजे एका माणसाची जागा कमी. तरी ते जोडत होते. कारण त्यांच्या सभासदांना सहा ओळखीच्या चेहऱ्यांपेक्षा सतरा माणसांत बसायचे होते.

दुसरी गोष्ट त्या जोडणीच्या लाइनची. तिचा वेगही तोच, सेकंदाला तीस अक्षरे. भराभर टाइप करणारा माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरे लिहितो. म्हणजे एका बोर्डावरची सहाच्या सहा माणसे एकदम लिहू लागली तरी त्यांचे बोलणे त्या बारीक नळीतून कसेबसे जाते. प्रत्यक्षात सगळे एकदम लिहीत नाहीत. काही वाचतात, काही चहा पीत असतात. त्यामुळे ती नळी पुरत होती. आज आपल्या फोनवर येणारी एक गुड मॉर्निंगची फुलांची तसबीर त्या लाइनवरून पाठवायची म्हटली तर तास-दीड तास लागेल. इतक्या अरुंद वाटेवरून त्यांनी बोर्ड बोर्डाशी बोलते केले. आणि आपल्याला आज सांगितले जाते की हे तंत्रात बसत नाही.

यामागे फोनच्या बिलाचेही गणित होते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घरगुती ग्राहकाला महिन्याचे ठरावीक भाडे भरले की स्थानिक कॉल कितीही करता येत. दूरच्या गावाला लावला की मात्र मिनिटामिनिटाचे पैसे पडत. आता समजा, पहिल्या गावाहून दुसऱ्याला कॉल स्थानिक आहे आणि दुसऱ्याहून तिसऱ्यालाही स्थानिक आहे, पण पहिल्याहून तिसऱ्याला ट्रंक आहे. बोर्डांची साखळी झाली की पहिल्या गावचा मुलगा आपल्याच गावच्या बोर्डाला फोन लावून तिसऱ्या गावच्या मुलीशी बोलत बसे आणि बिलात त्याची खूण नसे. टेलिफोन कंपनीने आखलेली हद्द त्यांनी कंपनीच्याच तारांवरून ओलांडली.

आपल्याकडे हे सुख नव्हते. आपला स्थानिक कॉलही मीटरवर मोजला जाई आणि एसटीडी बूथवर लाल आकडे पळताना पाहून छातीत धडधडायचे. रात्री अकरानंतर दर पाव होतो म्हणून बूथबाहेर ताटकळलेली पिढी अजून हयात आहे. मुंबई-बंगळूरसारख्या शहरांत हौशी लोकांनी बुलेटिन बोर्ड चालवले, पण तासन्‌तास फोन लावून गप्पा मारत बसणे आपल्या खिशाला परवडण्यासारखे नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा बोर्डांचा जमाना तिकडे ओसरू लागला होता. म्हणूनच हा इतिहास आपल्याकडे फारसा कुणाच्या आठवणीत नाही. आणि ज्याची आठवण नसते, त्याबद्दल "असे कधी नव्हतेच" असे सांगणे सोपे जाते.

ओलूच्या बोर्डावरून जगभर

कुणी म्हणेल, हा पोरखेळ होता, चार गावांपुरता. ठीक. मग फिनलंडमध्ये जाऊ.

१९८८ च्या उन्हाळ्यात ओलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या तरुणाकडे एक यंत्र सांभाळायचे काम होते. त्यावर ओलूबॉक्स नावाचा बुलेटिन बोर्ड चाले. अनेकांना एकत्र बोलता यावे म्हणून त्यावर एक प्रोग्रॅम होता, पण तो नीट चालत नसे. ओइकारिनेनने ऑगस्टमध्ये त्याच्या जागी नवा लिहिला. त्याचे नाव इंटरनेट रिले चॅट, आयआरसी. रिले म्हणजे हातोहात पुढे देणे. एका सर्व्हरवर लिहिलेली ओळ तो जोडलेल्या सर्व्हरला देतो, तो त्याच्या पुढच्याला. ओलूहून हे हेलसिंकी आणि टाम्पेरेला गेले, मग अटलांटिकपार अमेरिकेत. १९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हा लोक तिथल्या घडामोडी आयआरसीवरून एकमेकांना कळवत होते.

ही सर्व यंत्रे एका मालकाची नव्हती. एक या विद्यापीठाचे, दुसरे त्या संस्थेचे. प्रत्येकाचे नियम वेगळे, चालवणारा वेगळा. सामाईक होती ती फक्त बोलायची रीत. ती रीत मे १९९३ मध्ये उघडपणे लिहून प्रसिद्ध करण्यात आली. त्यात एका संदेशाची लांबी किती, तेही लिहिले आहे: ५१२ अक्षरे. ज्याला हवे त्याने ती वाचावी आणि आपला सर्व्हर लिहावा. परवानगी कुणाची मागायची नाही. तुमच्या सर्व्हरशी जोडून घ्यायचे की नाही, एवढे मात्र समोरच्याने ठरवायचे.

तीन आक्षेप

मी जुन्या काळाच्या आरत्या ओवाळायला बसलेलो नाही. त्या जोडण्यांत दोष होते आणि ते लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप: जोडणी तुटते. खरे आहे. आयआरसीचे सर्व्हर झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले असत. दोन ठिकाणांमध्ये वाट एकच ठेवावी लागे, कारण वर्तुळ झाले तर तोच संदेश गरगर फिरत राहील. त्यामुळे मधली एक फांदी तुटली की अर्धी मजलिस एका क्षणात गायब होई. त्याला नेटस्प्लिट म्हणत. पण तुटल्यावर काय होई तेही पाहा. फांदीच्या दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या बाजूला बोलत राहत आणि जोड परत लागला की पुन्हा एकत्र येत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकची यंत्रणा सुमारे सहा तास कोलमडली. तेव्हा फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही जगभर एकदम मुके झाले. तिथे उरलेली अर्धी बाजूच नव्हती.

दुसरा आक्षेप: दार उघडे ठेवले की गुंड शिरतात. हेही खरे. बर्कलीतल्या 'एरिस' नावाच्या यंत्राने कुणालाही, विचारपूस न करता, आपला सर्व्हर जोडू दिला. धिंगाणा झाला. १९९० मध्ये इतरांनी एरिसला वगळून आपले जाळे वेगळे केले. त्याचे नावच पडले एफनेट, म्हणजे एरिसमुक्त जाळे. पुढे १९९६ मध्ये तेही नियमांच्या भांडणात फुटले. भांडणे झाली, पण हत्यार काय होते ते बघा: जोडणी काढून घेणे. ज्याला पटले नाही तो आपली माणसे घेऊन बाजूला झाला आणि त्याचा सर्व्हर त्याच्याकडेच राहिला. आज तुम्हाला कंपनीचा नियम पटला नाही तर तुम्ही काय काढून घेऊ शकता? फक्त स्वतःला. ग्रुप, माणसे, दहा वर्षांचे बोलणे सगळे तिथेच राहते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: गोपनीयता. ती जुनी जोडणी उघडी होती. मधला सिसॉप सगळे वाचू शकत होता. आज आपले संदेश कुलूपबंद जातात, ते कुलूप सोडून मला काही नको. पण कुलूप आणि कुंपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुपमधले बोलणे कुलूपबंद ठेवण्याचे एक खुले मानक जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, कोणत्याही कंपनीने वापरावे असे. युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्यानेही बड्या मेसेजिंग सेवांना इतरांसाठी दार उघडायला सांगताना कुलूप तसेच राखण्याची अट घातली आहे. सिग्नल आणि थ्रीमा यांनी या जोडणीत यायला नकार दिला, समोरच्याची गोपनीयता आपल्या तोडीची नाही म्हणून. त्यांचा नकार मला मान्य आहे. जोडायचे की नाही हे ठरवायचा हक्क जुन्या सिसॉपलाही होता. पण छोट्याने सावधगिरीने दार बंद ठेवणे वेगळे आणि गावातल्या एकमेव रस्त्यावर ज्याचा कब्जा आहे त्याने फाटक लावणे वेगळे.

फाटक कुणी लावले

फाटक आपोआप लागलेले नाही. २००५ मध्ये गूगलने गूगल टॉक आणले तेव्हा ते एक्सएमपीपी या खुल्या रीतीवर चालत होते. १९९९ मध्ये जॅबर या नावाने ती रीत जन्माला आली होती. २००६ पासून गूगल टॉकवरचा माणूस दुसऱ्या संस्थेच्या जॅबर सर्व्हरवरच्या माणसाशी थेट बोलू शकत होता. वेगळी कंपनी, वेगळे सॉफ्टवेअर, तरी गप्पा एक. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि ती दारे बंद केली. तंत्र एका रात्रीत विसरले गेले होते का? नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप? त्याची बोलण्याची रीत त्याच एक्सएमपीपीवरून बेतलेली. घर बांधायला सार्वजनिक विहिरीचे पाणी वापरायचे आणि घर झाले की विहिरीकडच्या वाटेवर भिंत घालायची, असा हा व्यवहार. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घ्यायला १९ अब्ज डॉलरचा सौदा केला, तो काय निरोप पोचवायच्या तंत्रासाठी? भिंतीच्या आत अडकलेल्या माणसांसाठी.

त्या अडकण्याचा अनुभव आपण २०२१ च्या जानेवारीत घेतला. व्हॉट्सअ‍ॅपने नवे धोरण पुढे केले: माहिती फेसबुकशी वाटायला हो म्हणा, नाही तर जा. अनेकांनी चिडून दुसरी अ‍ॅप घेतली. काही दिवसांनी मुकाट परत आले, कारण आई, शाळा, जमात, गॅसवाला सगळे इकडेच. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच प्रकरणी मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण दंड कितीही मोठा असो, त्याने भिंतीला दार पडत नाही.

चहावाल्याचा क्यूआर

भाच्याला मी शेवटी एकच प्रश्न विचारला. "तू चौकातल्या चहावाल्याला पैसे कसे देतोस?" म्हणाला, फोनवरून. त्याचे अ‍ॅप एका कंपनीचे, चहावाल्याचे दुसऱ्या. याचे खाते एका बँकेत, त्याचे दुसरीत. तरी पंधरा रुपये क्षणात पोचतात आणि डबा ओरडून सांगतो. कारण २०१६ मध्ये आपल्याच देशात यूपीआय आले आणि सगळ्या अ‍ॅपना एकच भाषा बोलावी लागली. कोणत्याही कंपनीला "आमच्याच अ‍ॅपवाल्याला पैसे पाठवा" असे म्हणायची सोय राहिली नाही. पैशासारखी नाजूक चीज, जिथे एक शून्य चुकले तर माणूस बुडेल, ती या अ‍ॅपमधून त्या अ‍ॅपमध्ये सुखरूप जाते. आणि "जनाजा जोहरनंतर" हे दोन शब्द जाऊ शकत नाहीत?

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पॉसिबल तो है मामू, करेगा कौन?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे. कंपनी आपण होऊन करणार नाही. युरोपात व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजर यांच्यावर मार्च २०२४ पासून कायद्याने ही जबाबदारी टाकली आहे, आधी दोघांच्या बोलण्यापासून आणि नंतर ग्रुपपर्यंत. तीच कंपनी तिथे करते ते इथे का करू नये? आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांसमोर आला. त्यावर बड्या कंपन्या, वकील आणि उद्योगसंघटना बोलल्या. ज्यांचे निरोप अडतात ते आपण बोललो नाही, कारण हा आपला विषय आहे असे आपल्याला वाटलेच नाही. रस्ता, पाणी, रेशन यांसाठी आपण निवेदने देतो, तसेच निवेदन यासाठीही द्यायला हवे. मागणी एका ओळीची आहे: जी मेसेजिंग सेवा देशातल्या कोट्यवधी लोकांची मुख्य वाट झाली आहे, तिने कुलूप राखून इतर सेवांशी बोललेच पाहिजे.

तोवर आपल्या हातात असलेले तरी करू. जमात असो, मंडळ असो की बचतगट, सभासदांची नंबरांची यादी कागदावर ठेवा. महत्त्वाचा निरोप दोन वाटांनी पाठवा. आणि प्रत्येक गल्लीत एक माणूस नेमा, जो या ग्रुपवरचा निरोप त्या ग्रुपवर नेऊन टाकेल. १९८५ साली डायव्हर्सी-डायलच्या मधल्या बोर्डाने हेच काम केले होते, आपल्या सातपैकी दोन जागा मोडून.

आमच्या मोहल्ल्यात ते काम सध्या माझ्याकडे आले आहे. दोन्ही अ‍ॅप ठेवली आहेत. फोन सारखा भरतो आणि बायको ओरडते. पण परवा एका घरची मय्यत होती, तेव्हा तो म्हातारा दोस्त सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभा होता.